शेऱ्याचा रकाना

बत्तीस प्रती काढायच्या होत्या. झेरॉक्सबाईने तेहतीस काढल्या. तेहतिसावी त्याच्यासाठी होती, आणि ती तरी लखलखीत यावी म्हणून तिने मशीनची काच आधी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली आणि वरून एक फुंकर मारली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. वर्ग दहाला सुरू व्हायचा होता. तेल कंपनीच्या या प्रशिक्षण शाळेत दर तीन महिन्यांनी ड्रिलर मंडळींची उजळणी असते. ड्रिलर म्हणजे रिगवर ब्रेकचा दांडा हातात धरून विहीर खोदणारा माणूस, आपल्या पाळीचा म्होरक्या. परवाना टिकवायचा असेल तर दर दोन वर्षांनी या दांडग्या बाप्यांना इथे येऊन शाळकरी पोरांसारखं बाकावर बसावं लागतं. बसल्यावर प्रत्येकाला बावीस पानांचा एक संच मिळतो. त्यातली सहा पानं म्हणजे 'प्रकरण सात', नऊ वर्षांपूर्वीच्या एका अपघाताची हकिकत. त्या हकिकतीत ज्या ड्रिलरच्या हयगयीमुळे तीन माणसं गेली, तो झेरॉक्सबाईचा नवरा. गेलेल्या तिघांतलाही एक तोच.

सहा वर्षं ती हे प्रकरण स्वतःच्या हाताने छापत होती, टाचत होती आणि वाटायला पाठवत होती. नोकरी कंपनीनेच दिलेली, नवऱ्याच्या जागी, तीन वर्षं खेटे घातल्यावर. ती नेमकी याच खोलीत द्यावी असं ज्या कोणाला सुचलं त्याला एक तर काडीची अक्कल नसावी, नाहीतर जरा जास्तच असावी. पहिल्या दिवशी तिने ती सहा पानं उभ्या उभ्या वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन तसंच चालू राहिलं, कागद ट्रेमधून ओसंडून जमिनीवर पडत राहिले. मग तिने ते गोळा केले, कडा जुळवल्या, कोपऱ्यात पिना मारल्या. त्या दिवसापासून ती वाट पाहत होती.

आज संचात तेवीस पानं होती.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो टूलपुशर. हे त्याच्या हुद्द्याचं नाव. दोन्ही पाळ्यांचे ड्रिलर त्याच्या हाताखाली, आणि रिगवर तो म्हणेल ती पूर्व दिशा. अपघात झाला तेव्हा रिग त्याची होती. चौकशीतून तो धुतल्या तांदळासारखा बाहेर आला आणि पुढे बढती घेऊन शाळेत मोठा प्रशिक्षक झाला. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, पँटची इस्त्री कडक, खिशात खोकल्याच्या गोळ्या. त्याचा वर्ग आणि तिची खोली यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत होती. वर्षातून चार वेळा त्या भिंतीतून त्याचा आवाज यायचा. शब्द तेच, थांबायच्या जागाही त्याच. "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. आणि हा माणूस मोजायचा कंटाळा करायचा." एवढं बोलून तो एक गोळी तोंडात टाकायचा. गोळीच्या कागदाचा चुरचुर आवाजसुद्धा तिला ऐकू यायचा.

ती कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती कामावर आली त्या दिवशी तो दारात उभा राहून, झालं ते फार वाईट झालं, असं काहीतरी तिच्या मशीनकडे बघून बोलला. त्यानंतर सहा वर्षांत त्याने तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कागद हवे असले की शिपाई यायचा.

मोजायचा कंटाळा म्हणे. तिच्या नवऱ्याचं रिगवर नावच मोजणीदार पडलं होतं.

चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी, असा त्याचा संसार. घरी आला की पहिला दिवस तो मेल्यासारखा झोपायचा. दुसऱ्या दिवशी खिशातली टेप बाहेर निघायची. मुली किती वाढल्या, टाकीतलं पाणी दिवसाला किती इंच उतरतं, खिडकीची फट किती रुंद झाली, सगळं मोजून व्हायचं. एकदा त्याने दूधवाल्यालाच दारात उभं करून त्याचं लिटरचं माप मोजलं. माप चोख निघालं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दूधवाला मात्र पुढे कित्येक वर्षं गल्लीभर सांगत फिरायचा की आपलं दूध मोजणीदाराने पास केलेलं आहे.

मागच्या खिशात एक वही असायची, तळहाताएवढी. प्रत्येक पानावर त्याने स्वतः रेघा मारलेल्या: वेळ, माप आणि शेवटी रुंद असा शेऱ्याचा रकाना. शेरा कोरा ठेवणाऱ्याने माप घेतलेलंच नसतं, नुसता आकडा ठोकलेला असतो, असं त्याचं म्हणणं होतं. आणि वही एकच. विहिरीचं आणि घरचं त्यात शेजारी शेजारी नांदायचं. विहिरीची खोली, तिच्यात ओतायच्या चिखलाचं वजन, त्याच्या खाली 'मोठीचे बूट चार नंबर, पुढच्या खेपेला पाच घेणे', आणि त्याच्या खाली 'हिचा खांदा दुखतो, पिठाचा डबा खालच्या फळीवर आणणे'. तो डबा त्याने खरोखरच खाली आणला होता. तिने मागितला नव्हता, सांगितलंही नव्हतं.

वेण्या घालायला तो रिगवर शिकला. तिथे दोरखंड विणणारा एक म्हातारा होता. पाळी सुटली की मोजणीदार खाटेच्या पायाला दोरीचे तीन पेड बांधून सराव करत बसायचा आणि बाकीचे त्याची यथेच्छ टर उडवायचे. घरी आला की सकाळी दोन्ही मुली त्याच्यापुढे ओळीने बसायच्या. वेण्या तो इतक्या आवळून घालायचा की पोरींच्या भुवया वर चढायच्या. शाळेतल्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं होतं, तुमच्या मुली महिन्यातले पंधरा दिवस सारख्या चकित का दिसतात.

अशा माणसाबद्दल तो गोळ्या चघळणारा सांगायचा की याला मोजायचा कंटाळा. वर्षाला सव्वाशे ड्रिलर ते ऐकून जायचे आणि आपापल्या रिगवर जाऊन दुसऱ्यांना सांगायचे. मोजणीदाराचं नाव त्यांना माहीत नसायचं, पण तो आळशी होता हे माहीत असायचं. झेरॉक्सबाईला नवरा परत मिळणार नव्हता. निदान एवढं एक वाक्य तिला त्या तोंडातून उपटून काढायचं होतं, आणि ते काढताना त्या तोंडाला झालेल्या वेदना बघायच्या होत्या. हे ती स्वतःशी अगदी उघड कबूल करायची.

ती चूक कसली होती, हे नीट सांगायला हवं. विहिरीतून पाइप बाहेर ओढताना त्यांच्या जागी मड नावाचा जड चिखल ओतत राहावं लागतं, नाहीतर विहिरीतली पातळी खाली जाते. पाच जोड्या बाहेर आल्या की विहिरीने अंदाजे चार बॅरल मड प्यायला हवा. कमी प्याली तर समजायचं की खालून दुसरंच काहीतरी आत शिरतंय, बहुतेक गॅस. मग ड्रिलरने हातातलं काम सोडून विहिरीचं तोंड बंद करायचं. त्यासाठी त्याला कुणालाही विचारावं लागत नाही, टूलपुशरलाही नाही. प्रकरण सातप्रमाणे या ड्रिलरने मड मोजलाच नाही, म्हणून त्याला विहीर कमी पितेय हे कळलंच नाही. मोजमापाचा तक्ता कुठे आहे, तर रिगबरोबर जळाला.

चार महिन्यांपूर्वी, एका रविवारी दुपारी, टाकीवाला तिच्या घरी आला. मडच्या टाक्यांवर नजर ठेवून तो ड्रिलरला आकडे ओरडून सांगायचा. मोजणीदाराच्या पाळीतला तो एकच माणूस धडधाकट वाचला होता. त्याच्या महिनाभर आधी तो निवृत्त झाला होता. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. वहीची कड तेलाने काळी पडलेली होती. विहीर उसळली तेव्हा मोजणीदार रिगवरून खाली फेकला गेला. आग लागायच्या आत टाकीवाल्याने त्याला ओढून बाजूला नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. वही मागच्या खिशात होती. टाकीवाल्याने ती आपल्या खिशात टाकली, आणि चौकशीत सांगितलं की आपल्याला आकडे आठवत नाहीत.

"वहिनी, माझी नोकरी गेली असती," तो म्हणाला.

"माझा नवरा गेला होता, भाऊजी," ती म्हणाली.

तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो थोडा वेळ बसून उठून गेला आणि जाताना त्याची चप्पल दोनदा निसटली. त्याच्यावर तिचा राग होताच, पण तो किरकोळीतला होता. खरा राग तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

तिने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. दुपारी दोनपासूनच्या सहा ओळी. चार. चार. साडेतीन. तीन. अडीच. दोन. प्रत्येक आकड्यापुढे शेरा. तिसऱ्यापुढे 'लक्ष ठेवणे'. चौथ्यापुढे 'टाकी पुन्हा मोजून घेतली, तीनच'. पाचव्यापुढे '३.४०. साहेबांना फोनवर कळवलं. म्हणाले, ओढत राहा'. हे वाचताना तिला घरभर नाचावंसं वाटलं होतं. मग तिने सहावा शेरा वाचला, आणि वही मिटून टाकली.

'दोन. बंद करायला हवी. केली तर उद्याची बस चुकते. घरी कबूल केलंय. आणखी पाच ओढून बघतो.'

ती बस कसली, हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिचा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर कापायच्या करवतीचा आवाज ऐकून तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता. बाबा हात धरतील तरच कापू देईन. बाबांनी फोनवर कबूल केलं. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा त्याचं येणं लांबलं, एकदा बदली ड्रिलर तापाने पडला म्हणून आणि एकदा बस रस्त्यात बंद पडली म्हणून. प्लास्टरच्या आत खाज सुटून पोर रडायची, पट्टी आत घालून खाजवायची. तिसरी तारीख परवावर आली तेव्हा झेरॉक्सबाईने भर दुपारी रिगच्या ऑफिसात फोन लावला. टूलपुशरनेच उचलला आणि त्याला बोलावून घेतलं. "उद्याची बस चुकवायची नाही," ती म्हणाली होती. "या वेळी मी कुठलंही कारण ऐकणार नाही." तो हसला, बरं म्हणाला, मोठीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. मागे यंत्रांचा घरघर आवाज होता. हे दीड वाजता. साडेचारच्या सुमाराला विहीर उसळली.

चार महिने तिने वही कपाटात ठेवली आणि तिच्याभोवती घिरट्या घातल्या. मुलींना तिने पान दाखवलं नाही. मोठी आता नोकरीला लागली होती, धाकटी पंधराची होती. धाकटीने तो शेरा वाचला असता तर जन्मभर तिने स्वतःच्या त्या हाताकडे कुठल्या नजरेने पाहिलं असतं, हे आईला कळत होतं. अर्थात तिला मुलीचीच काळजी होती असंही नाही. तिला सूड हवा होता आणि तो बिनवाट्याचा, म्हणजे चुकीत आपला वाटा कुठेच न दिसणारा, हवा होता. म्हणून तिने काचेवर पान ठेवायच्या आधी सहाव्या ओळीतल्या शेऱ्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीच्या कडेची सावली प्रतीवर उमटते हे तिला सहा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून त्या सावलीवर तिने खोडरंगाचा बारीक हात फिरवला आणि त्या प्रतीच्या प्रती काढल्या. काम इतकं सफाईदार झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. त्या लोकांनी अख्खा तक्ता गिळला होता, तिने फक्त एक ओळ झाकली होती.

दहाला पाच कमी असताना शिपाई संच घेऊन गेला. झेरॉक्सबाईने आपला कप, स्वेटर आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली, कारण आजच्यानंतर ही खोली आपली राहणार नाही हे तिने गृहीत धरलं होतं. वही हातात घेतली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती प्लायवुडच्या पलीकडे गेली आणि वर्गाच्या मागच्या दारात उभी राहिली.

टूलपुशर रंगात आला होता. फळ्यावर त्याने मोठ्या अक्षरात 'कारण पहिले: मोजणीत हयगय' असं लिहिलं होतं. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, हे झालं. मोजायचा कंटाळा, हेही झालं. त्याने गोळीचा कागद सोडायला घेतला, तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मिशीवाला ड्रिलर उभा राहिला. पन्नाशीचा होता, हाताची दोन बोटं अर्धी.

"सर, मग हे चौदावं पान कोणाचं?" त्याने विचारलं.

कागद फडफडले. बत्तीस माथी खाली गेली. पुढचं मिनिट झेरॉक्सबाईने अगदी चवीने घालवलं. ही माणसं कादंबऱ्या वाचणारी नव्हती, पण असलं पान त्यांना तोंडपाठ होतं. चार, चार, साडेतीन, तीन, इथवर येता येता एकाचा हात नकळत पुढे होऊन मुठीत वळला, जसा ब्रेकच्या दांड्यावर वळतो. कोणीतरी हलकेच शीळ घातली. मग मिशीवाल्यानेच विचारलं, की तीन चाळीसला 'ओढत राहा' म्हणणारे साहेब कोण.

टूलपुशरने आपला संच उचलला. त्याची प्रत सगळ्यांत स्वच्छ होती. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला आणि रंगवलेले केस तेवढे काळे राहिले. गोळी त्याच्या हातातून टेबलावर पडली. हे कुठून आलं, असं त्याने विचारलं, पण ते तो शिपायाला विचारत होता.

"मी लावलंय," झेरॉक्सबाई मागून म्हणाली. "मोजणीदाराची वही आहे. मी त्याची बायको."

बत्तीस माना वळल्या. गोड लागलं तिला, खोटं कशाला बोला. टूलपुशर म्हणाला की हा अधिकृत कागद नाही, सगळ्यांनी चौदावं पान काढून पुढे द्यावं. एकानेही दिलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका पोरगेल्या ड्रिलरने पान घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

डाव साधला होता. ती निघून गेली असती तरी चाललं असतं. पण मिशीवाला अजून उभाच होता आणि पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"बाई, एक विचारतो, रागावू नका," तो म्हणाला. "हा माणूस पोरीच्या बुटाचं मापसुद्धा लिहून ठेवतो. वरच्या कोपऱ्यात आहे बघा. पाचही ओळींना शेरा आहे. मग दोन बॅरलपुढे रकाना कोरा कसा? दोन आल्यावर एकही ड्रिलर गप्प बसणार नाही."

तिने सावली पुसली होती, कडा पुसल्या होत्या, सगळं डोळ्यांत तेल घालून केलं होतं. पण भरलेला रकाना पुसला तरी ड्रिलरच्या डोळ्याला तो दिसणारच, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सहा वर्षं कागदांत काढलेली ती. ही माणसं कोऱ्या रकान्याला घाबरून जगणारी.

"आणि बंद का नाही केली?" मिशीवाल्याने विचारलं. आवाजात आरोप नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "साहेब काहीही म्हणू देत. तोंड बंद करायला ड्रिलरला कोणाची परवानगी लागत नाही."

टूलपुशरने मान वर केली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिला दिसलं की त्याला तो फोन आठवतोय. तो फोन त्यानेच उचलला होता. आता तो बोलणार, असं तिला वाटलं. पण तो गप्प राहिला. दया म्हणून की भीती म्हणून, हे तिला कधीच कळलं नाही आणि तिने त्याचे उपकारही मानले नाहीत.

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पान भिजलं, शाई पुसली गेली. एवढं म्हटलं असतं की प्रकरण मिटलं असतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य तिने ऐकलेलं आहे. तक्ता जळाला, असं ते होतं. याच माणसाने ते चौकशीत म्हटलं होतं, आणि त्या वाक्याला ती नऊ वर्षं शिव्या देत आली होती.

तिने वही उघडली नाही. शेरा तिला पाठ होता.

"पट्टी मी लावली," ती म्हणाली. "तिथे असं लिहिलंय. दोन. बंद करायला हवी. केली तर उद्याची बस चुकते. घरी कबूल केलंय. आणखी पाच ओढून बघतो." मग ती म्हणाली, "बस चुकवू नका, मी कारण ऐकणार नाही, असा फोन मी त्यांना दुपारी केला होता. मुलीच्या हाताचं प्लास्टर कापायचं होतं."

बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला. मिशीवाल्याने पान बाकावर ठेवलं, अर्ध्या बोटांनी सरळ केलं.

"चुकलाच तो," तो म्हणाला. "बंद करायला हवी होती." तिने मान हलवली. तिला ते ऐकवेना, पण खोटंही म्हणता आलं नाही. "पण मोजत होता. शेवटपर्यंत मोजत होता," मिशीवाला म्हणाला, आणि टूलपुशरकडे वळला. "सर, फळ्यावरचं पुसा."

टूलपुशरने डस्टर शोधला. तो समोरच होता, पण त्याला दिसेना. शेवटी त्याने तळहाताने पुसलं. 'मोजणीत हयगय' जाऊन तिथे पांढरा फराटा राहिला. तो खाली बसायला लागला तेव्हा झेरॉक्सबाई पुढे आली, बाकांच्या मधून, थेट टेबलापर्यंत.

"आता तीन चाळीस लिहा," ती म्हणाली. "आणि ओढत राहा कोण म्हणालं, तेही लिहा."

त्याने विनवणीच्या सुरात तिला ताई म्हणून हाक मारली. ती हलली नाही. वाद घालायचीही तिला गरज वाटली नाही. मागे बत्तीस जण पेनं उघडून बसले होते आणि फळ्यावर येईल ते उतरवून घ्यायची त्यांना सवय होती. खडू त्याच्या हातात दोनदा मोडला. त्याने वेळ लिहिली, आपले शब्द लिहिले आणि शेवटी आपलं नाव लिहिलं. आडनाव राहिलं होतं, ते तिने लिहायला लावलं. मग खाली 'कारण दुसरे' लिहून त्यापुढे त्याने नुसतं 'ड्रिलर' एवढं लिहिलं आणि तो तिच्याकडे बघत थांबला. तिने खडू त्याच्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः लिहिलं: विहीर बंद केली नाही, घरी जायची घाई होती. तिचं अक्षर लहान आणि गोल होतं. वरच्या ओळीखाली ते अगदीच घरगुती दिसत होतं.

चहाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा टूलपुशर खुर्चीत बसलेला होता आणि त्याच्या एका तळव्यावर खडूची पूड होती. चहासाठी त्याला कोणी हाक मारली नाही. झेरॉक्सबाईने दारातून एकदा मागे वळून ते नीट बघून घेतलं. तिला त्याची कीव आली नाही. आपण सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, असं तिने मनाशी म्हटलं, आणि ते खरं होतं. फक्त छातीवरचं ओझं हलकं होईल असं वाटलं होतं, ते झालं नव्हतं. उलट त्यात तिच्या वाट्याची भर पडली होती, आता सगळ्यांदेखत. संध्याकाळी धाकटीला समोर बसवून हे सगळं तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागणार होतं.

खोलीत येऊन तिने मशीन बंद केलं. पिशवी खांद्याला लावली. वरून बोलावणं जेवणाच्या सुट्टीआधी येईल असा तिचा अंदाज होता, आणि ते इथे बसून ऐकायची तिची इच्छा नव्हती.

कॉरिडॉर भरलेला होता, पण चहाच्या किटलीजवळ कोणी नव्हतं. ड्रिलर भिंतीला लागून, जिन्यात, खिडक्यांपाशी सुटे सुटे उभे होते आणि प्रत्येकाच्या कानाला फोन होता. कोणी मुलगा शाळेत गेला का विचारत होता, कोणी नुसताच हं हं करत होता. मिशीवाला तिच्या दाराशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. दुसऱ्या कानात त्याने बोट घातलं होतं.

"काही झालं नाही गं, बरा आहे मी," तो म्हणत होता. "एक काम कर. उशीर झाला तर झाला, असं म्हण बघू. नाही, उशीर नाही होणार. तरी म्हण. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय."

झेरॉक्सबाई दारातच थांबली. पलीकडून अजून काही येत नसावं, कारण मिशीवाला फोन कानाला घट्ट दाबून नुसता उभा होता. त्याची बायको ते म्हणते की नाही हे कळल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर निघेना.